धर्मगुरू, जमाव आणि शेजारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कोजागरी पौर्णिमेस मझौली येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



पलीकडे चुलीवर दूध आटत आहे आणि त्यातील केशर-वेलदोड्याचा वास येथवर येऊ लागला आहे. अशा वेळी व्याख्यान देणे हा श्रोत्यांवर अन्याय आहे, हे आम्ही जाणतो. चिटणीसांनी आम्हांस वीस मिनिटे दिली आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी पंधराच मंजूर केली आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढल्यामुळे वरिष्ठांचा आदेश कोणता आणि विनंती कोणती, हे आम्हांस चांगले समजते.

आज दुपारी आपण सर्वांनी येथील विष्णुवराहाचे दर्शन घेतले. कलचुरी काळातील ती भव्य मूर्ती पाहताना मुलांनी विचारले, "देवाने डुकराचे रूप का घेतले?" आजीमंडळींनी कथा सांगितली : पृथ्वी पाण्यात बुडाली होती, तिला वर काढावयास चिखलात शिरणे भाग होते आणि चिखलात शिरण्यास हेच रूप योग्य होते. ती कथा ऐकता ऐकता आमचे मन पाण्याने वेढलेल्या एका दूरच्या प्रदेशाकडे गेले. त्या प्रदेशाची आणि एका जुन्या कोजागरीची हकीकत आज आपणांपुढे मांडावी असे वाटते. विषय सणाच्या रात्रीस शोभणारा नाही, याची कल्पना आहे. परंतु शेवटी आमच्याच घरची एक गोष्ट सांगावयाची आहे आणि ती या हकीकतीवाचून सांगता येणार नाही.

ती कोजागरी होती १० ऑक्टोबर १९४६ ची आणि तो प्रदेश होता पूर्व बंगालमधील नोआखाली जिल्हा. बंगाली माणूस दिवाळीस नव्हे, तर कोजागरीस लक्ष्मीची घरोघर पूजा करतो. अंगणात तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावले काढली जातात, नारळाचे लाडू होतात, दारे उघडी ठेवली जातात. त्या दिवशी नोआखालीतील हिंदूंच्या उघड्या दारांतून जे आत शिरले ते लक्ष्मीचे पाऊल नव्हते.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय होता, एवढाच आमचा अधिकार. परंतु नोकरीनिमित्त आम्हांस तीन वर्षे आगरतळ्यास राहावे लागले. तेथे आमच्या घरमालकीणबाई मूळच्या नोआखालीच्या होत्या. त्यांच्या तोंडून काही ऐकले, पुढे जमेल तसे वाचले, आणि मनात एक प्रश्न घर करून राहिला : ज्या गादीपुढे हिंदू आणि मुसलमान दोघेही मस्तक नमवीत, त्या गादीवरून दंगलीची हाक कशी निघाली?

ही गादी म्हणजे रामगंज ठाण्यातील शामपूर येथील दायरा शरीफ. बंगालमधील पीर म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. गंगा-मेघनेच्या मुखाकडील तो प्रदेश एके काळी दलदलीचा आणि अरण्याचा होता. रान तोडून तेथे भातशेती उभी करण्यात पीर-फकिरांचा मोठा भाग होता. त्यामुळे पीर हा कुळांच्या दृष्टीने नुसता नमाज शिकविणारा नव्हे. जमीन मिळवून देणारा, तंटा मिटविणारा, तावीज बांधणारा, वडिलांच्या ठिकाणी मानावयाचा पुरुष होता. त्याची पुण्याई मुलाकडे आणि नातवाकडे वारसाने येई. हिंदूही नवस बोलत. आपण घरोघर ज्या सत्यनारायणाची पूजा करतो, तोच बंगालमध्ये सत्यपीर म्हणूनही पूजिला जातो आणि त्याच्या प्रसादास शिरणी म्हणतात. आपणांस यात नवल वाटावयाचे कारण नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपल्या संतमंडळात स्थान आहे आणि महाराष्ट्रातील किती तरी उरुसांत पहिला मान हिंदू पाटलाचा असतो.

या दायरा शरीफच्या गादीचे वारस होते गुलाम सरवर हुसेनी. त्यांचा आरंभ पाहिला तर हा पुरुष पुढे काय करील याचा अंदाज कोणास आला नसता. नोआखालीत शंभरांपैकी सुमारे ऐंशी लोक मुसलमान. बहुतेक कुळे किंवा मजूर. जमीनदारी, सावकारी, वकिली यांत हिंदूंचा भरणा. कुळांची गाऱ्हाणी खरी होती. गुलाम सरवर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत कृषक प्रजा पक्षातर्फे बंगालच्या कायदेमंडळात गेले. पुढे १९४३ चा भीषण दुष्काळ आला. त्याने गरिबांचे कंबरडे मोडले आणि ज्यांच्या घरी धान्य होते त्यांच्याविषयीचा राग मागे ठेवला. १९४६ च्या निवडणुकीचे वारे निराळे होते. मुस्लिम लीगच्या उमेदवाराने गुलाम सरवरांचा पराभव केला.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. एका माणसाजवळ दोन सत्ता होत्या : एक मतांची, दुसरी गादीची. मतांची सत्ता गेली, गादीची राहिली. गेलेली सत्ता परत मिळविण्यासाठी राहिलेली सत्ता पणास लावावी, हा मोह त्यास आवरला नाही. कृषकांचा पुढारी म्हणून "जमीनदार" हा शब्द तो वापरीत असे. आता त्या जागी "हिंदू" हा शब्द आला. शब्द बदलण्यास फारसे कष्ट पडत नाहीत, ऐकणाऱ्यास तो बदल जाणवतही नाही. मात्र पहिल्या शब्दाने मागणीचा अर्ज लिहिला जातो आणि दुसऱ्याने घर पेटते.

१६ ऑगस्ट १९४६ रोजी लीगच्या प्रत्यक्ष कृतिदिनी कलकत्त्यास कत्तल सुरू झाली. चार दिवसांत हिंदू-मुसलमान मिळून चार हजारांच्या आसपास माणसे मेली. त्याच्या खऱ्याखोट्या बातम्या, त्यापेक्षाही अधिक अफवा, नोआखालीस पोहोचल्या. गुलाम सरवरांच्या सभा होऊ लागल्या. कलकत्त्याचा सूड घ्या, हिंदूंच्या दुकानावर जाऊ नका, असे सांगण्यात येऊ लागले. 'मियाँर फौज' या नावाने त्यांचे दल उभे राहिले. तेवढ्यात एक अफवा उठली. करपाडा गावी वकील राजेंद्रलाल रायचौधुरी यांच्या घरी एक हिंदू साधू उतरला होता. तो पूजेत बोकडाऐवजी मुसलमानाचे रक्त वाहणार आहे, असे बोलले जाऊ लागले. एका धर्मगुरूविषयी अफवा आणि दुसऱ्या धर्मगुरूच्या तोंडची आज्ञा, या दोहोंमध्ये सामान्य माणसाची सारासार बुद्धी सापडली.

कोजागरीच्या दिवशी शहापूरच्या बाजारात मोठी सभा झाली. गुलाम सरवरांच्या भाषणानंतर जमाव बाजारातील हिंदूंच्या दुकानांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी करपाड्याच्या घरास वेढा पडला. राजेंद्रलाल जिल्ह्याच्या वकील संघाचे आणि हिंदू महासभेचे अध्यक्ष होते. त्यांनी गच्चीवरून बंदुकीने घराचे रक्षण केले; अखेर ते आणि त्यांचे कुटुंबीय मारले गेले. तेथून हे लोण रामगंज, बेगमगंज, लक्ष्मीपूर, रायपूर असे पसरत शेजारच्या त्रिपुरा जिल्ह्यातील चांदपूर-फरीदगंजापर्यंत गेले. खेड्यांना जोडणारे पूल मोडले, रस्ते खणले, होड्या अडविल्या. कालवे आणि खाजणे यांच्या त्या मुलखात माणूस जेथे होता तेथेच कोंडला गेला आणि बाहेर बातमी पोहोचण्यासही काही दिवस लागले.

किती माणसे मेली? सरकारी आकडा काही शेकड्यांचा, लोकांत सांगितला गेलेला पाच हजारांपर्यंतचा. पन्नास हजारांहून अधिक माणसे निर्वासितांच्या छावण्यांत आली. परंतु मृतांच्या आकड्यावरून नोआखालीचे दुःख मोजता येत नाही. तेथे घराघरांत शिरून माणसांची नावे बदलण्यात आली. कलमा पढविला, गोमांस खाऊ घातले, बायकांच्या हातांतील शंखाच्या बांगड्या फोडल्या, भांगातील शेंदूर पुसला, स्त्रिया पळविल्या. हजारो माणसे जिवंत राहिली, पण आपण कोण आहोत हे सांगण्याची त्यांना चोरी झाली. गुलाम सरवरांस २२ ऑक्टोबर रोजी अटक झाली. तोपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

नोआखालीची कथा येथे थांबविणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. तेथे थांबलो तर आम्हीही त्या सभेतील एक वक्ते ठरू. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच बिहारमध्ये नोआखालीचा सूड म्हणून हजारो निरपराध मुसलमानांची कत्तल सुरू झाली. छपरा आणि पाटण्याकडील त्या शेतकऱ्यांनी नोआखाली नकाशावरही पाहिले नव्हते. कलकत्त्याचा सूड नोआखालीने घ्यावा, नोआखालीचा बिहारने आणि बिहारचा पुढे आणखी कोणी, असा तो क्रम चालला. प्रत्येक ठिकाणी मारणारा आणि मरणारा यांपैकी कोणीही मूळ अपराधी नव्हता.

नोव्हेंबरमध्ये गांधीजी नोआखालीस आले. वय ७७. श्रीरामपूर या गावी ते सहा आठवडे राहिले. तेथील ओढ्यांवर एका बांबूचे साकव असतात. त्यांवरून चालण्याचा ते पहाटे सराव करीत. जवळचे सहकारी त्यांनी निरनिराळ्या गावी एकेकटे पाठवून दिले आणि स्वतः बंगाली मुळाक्षरे गिरवू लागले. २ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी पदयात्रा सुरू केली; पुढे पादत्राणेही सोडली. सात आठवड्यांत ४७ गावे आणि ११६ मैल. काही ठिकाणी त्यांच्या वाटेवर घाण टाकण्यात आली, तेव्हा त्यांनी झाडाच्या पानांनी ती स्वतः दूर केली. त्यांची एक मागणी आम्हांस फार व्यवहारी वाटते. प्रत्येक गावात एक भला हिंदू आणि एक भला मुसलमान यांनी मिळून साऱ्या गावाची हमी घ्यावी, असे ते म्हणत. पोलीस जातात, पुढारी जातात, शेजारी राहतो. तेव्हा हमी घ्यावयाची तर ती शेजाऱ्यानेच.

त्यांच्या सहकाऱ्यांत अमतुस्सलाम नावाची एक मुसलमान भगिनी होती. शिरंडी गावी एका हिंदू घरातील पूजेचे खड्ग लुटले गेले होते आणि परत मिळत नव्हते. त्यासाठी तिने उपवास आरंभिला. विचार करा : मूर्तिपूजा न मानणाऱ्या धर्माची एक स्त्री परधर्मीयाच्या देवीचे शस्त्र परत मिळावे म्हणून अन्न सोडते! पंचविसाव्या दिवशी गांधीजी तेथे पोहोचले. गावातील मुसलमान प्रमुखांनी हिंदूंच्या धर्माचरणास अडथळा होऊ देणार नाही, असे लिहून दिले आणि उपवास सुटला. तिच्याजवळ गादी नव्हती, वारसा नव्हता, फौज नव्हती.

यानंतर फाळणी झाली, नोआखाली पाकिस्तानात गेले आणि पुष्कळसे हिंदू हळूहळू देश सोडून आले. मग त्या पदयात्रेने साधले काय, असे कोणी विचारील. आम्ही एवढेच म्हणू की, ती यात्रा चालू असताना तेथे पुन्हा कत्तल झाली नाही आणि काही माणसे घरी परतली. पुढे सप्टेंबर १९६२ मध्ये आपले विनोबा आसामातून पश्चिम बंगालकडे जाताना पूर्व पाकिस्तानातून सुमारे पंधरा दिवस पायी चालले आणि तेथील मुसलमान शेतकऱ्यांनी त्यांना भूदान दिले. फाळणीनंतर पंधरा वर्षांनी हे घडले, याचाही हिशेब धरावा.

आता आगरतळ्याच्या घरमालकीणबाई. १९४६ साली त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांचे नाव बदलण्यात आले आणि पंधरा दिवस त्या नव्या नावाने त्यांना हाक मारीत. सैन्य आले तेव्हा सुटका झाली आणि त्या कुमिल्ल्यास नातेवाइकांकडे गेल्या. बंगालमधील अनेक पंडितांनी तेव्हा जाहीर केले होते की, ज्यांस बळाने बाटविले त्यांस कोणतेही प्रायश्चित्त नको. आपल्या शिवाजी महाराजांनी नेताजी पालकरांस पुन्हा आपल्यात घेतले होते, त्याच वळणाचा हा शहाणा निर्णय होता. परंतु पंडितांचा निर्णय वर्तमानपत्रात छापला जातो. स्वयंपाकघरात तो पोहोचण्यास वेळ लागतो. त्या आठ वर्षांच्या मुलीस सहा महिने चुलीपाशी येऊ दिले नाही. बाई आम्हांस म्हणाल्या, "ज्यांनी माझे नाव बदलले त्यांचे चेहरे मी विसरले. ज्या मावशीने माझे ताट निराळे ठेवले तिचा चेहरा विसरता येत नाही."

हे ऐकले त्या दिवशी आम्ही आमच्याच घराविषयी पहिल्यांदा लाजलो. ती गोष्ट आता सांगतो.

आमचे घराणे सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. हत्या करणारा मराठी ब्राह्मण, म्हणून त्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. आमच्या आजोबांचा वाडाही जळाला. जमाव परगावचा होता, पण वाट दाखविणारे गावचे होते, असे आजोबा म्हणत. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. वर्षभरात कुटुंब जबलपुरास आले. आजोबांचे धाकटे बंधू येथे जी. सी. एफ. मध्ये कामास होते. आपण सारे येथे कसे आलो, असे नवे सभासद विचारतात, तेव्हा आम्ही "नोकरीनिमित्त" असे उत्तर देतो. ते अर्धे उत्तर आहे.

वाडा जळत असता त्या दोन रात्री आजी आणि वडील कोठे होते, हे आमच्या घरात कधी बोलले जात नसे. "देवाने राखले" एवढेच सांगत. १९९७ साली वडील निवृत्त झाले, त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हांस जवळ बसवून सांगितले. गावचा मुलाणी मागच्या दाराने आला, आजीस व वडिलांस आपल्या घरी घेऊन गेला आणि दाणे साठविण्याच्या खोलीत त्यांना ठेवले. जमाव त्याच्या दाराशी आला, तेव्हा तो उंबऱ्यावर बसून राहिला. मुलाणी म्हणजे गावच्या मशिदीत दिवा लावणारा, बोकडावर सुरी फिरविताना देवाचे नाव घेणारा बलुतेदार. धर्मगुरूंच्या उतरंडीत त्याच्याहून खालचे मडके नाही. नोआखालीचा पीर आणि आमच्या गावचा मुलाणी एकाच धर्माचे, आणि दोघांचे काम देवाचे नाव घेण्याचेच.

सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आमच्या आजीने त्या घरची भाकरी खाल्ली. मुलास भूक लागली होती, तिलाही लागली होती. पुढे जबलपुरास आल्यावर तिने ती गोष्ट कोणास सांगू दिली नाही. नातेवाईक काय म्हणतील, पोरींची लग्ने कशी जमतील, ही भीती. ज्याने प्राण वाचविले त्याचे नाव आमच्या घरात पन्नास वर्षे कोणी उच्चारले नाही. त्याला साधे एक पत्रही गेले नाही. आम्ही पुढे त्या गावी गेलो, तेव्हा तो आणि त्याची मुलेही गेली होती. नातवास भेटलो. त्यास काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या आजोबांनीही ती गोष्ट घरात सांगितली नव्हती. आम्ही लाजेने लपविली. त्याने ती सांगण्यासारखी मानलीच नाही.

मित्रहो, आपल्या जबलपुरानेही फेब्रुवारी १९६१ मध्ये दंगल पाहिली आहे. ज्येष्ठ सभासदांपैकी काहींना त्या संचारबंदीची आठवण असेल. त्या दंगलीने पंडित नेहरू हादरले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषदेची कल्पना पुढे आली. म्हणजे हा विषय बंगालचा नव्हे आणि साताऱ्याचाही नव्हे. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांस तर तो अधिकच जवळचा आहे. कारण आपण सर्वत्र थोडे आहोत आणि थोड्यांचे रक्षण अखेर शेजारीच करतो.

गुरूवर श्रद्धा ठेवू नये, असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. आमच्याही देवघरात गुरूंची तसबीर आहे. परंतु शामपूरच्या गादीची हकीकत एवढे शिकविते की, वारशाने आलेल्या श्रद्धेचाही हिशेब अधूनमधून तपासला पाहिजे. गुरूने तन मागितले तर द्यावे, धन मागितले तर ऐपतीप्रमाणे द्यावे; शेजारी मागितला तर देऊ नये. तो आपला नव्हेच, मग आपण देणारे कोण? आणि कोणी कधी आपणांस उंबऱ्याआड घेतले असेल, तर ते ऋण मुलांना सांगावे. जळालेल्या घराची गोष्ट मुलांना आपोआप कळते. वाचविणाऱ्याची गोष्ट मात्र मुद्दाम सांगावी लागते.

या रात्री लक्ष्मी आकाशातून फिरते आणि "को जागर्ति?", कोण जागे आहे, असे विचारते, अशी आपली श्रद्धा आहे. १९४६ च्या कोजागरीस नोआखालीत पुष्कळ लोक जागे होते. काही हातात मशाली घेऊन, काही दाराआड श्वास रोखून. त्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने साताऱ्याकडच्या एका खेड्यात एक मुलाणी उंबऱ्यावर जागा बसला होता. त्याचे नाव आज आम्ही आमच्या घरात मुलांना सांगितले आहे. येथे सांगत नाही; त्यास ते आवडले नसते.

दूध तयार झाले, अशी खूण होत आहे. पंधराऐवजी अठरा मिनिटे घेतली, त्याबद्दल घरी जाऊन क्षमा मागूच.